गावात ल्युपस नसतो, असे आपण कशावरून म्हणतो?

ल्युपस हा शहरातल्या, बंद खोल्यांत काम करणाऱ्या माणसांचा आजार आहे आणि कुळागरात, शेतात, उन्हातान्हात राबणाऱ्यांना तो सहसा होत नाही, हा समज आमच्या गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीच्या बाजूला चांगल्या शिकलेल्या माणसांतही इतका पक्का बसला आहे की त्याबद्दल एकदा सविस्तर लिहावे असे बऱ्याच दिवसांपासून मनात होते. मी डॉक्टर नाही. सत्तरीतल्या एका बाजाराच्या गावात औषधांचे दुकान चालवते, आणि येणाऱ्या चिठ्ठ्या वाचता वाचता कोणत्या घरात कोणते दुखणे मुक्कामाला आले आहे, याचा अंदाज मला न विचारताच येत राहतो. दुकानातून दिसते ते आणि या विषयावरच्या अभ्यासांत सापडते ते शेजारी शेजारी ठेवले तर माझे मत असे होते की गावात ल्युपस कमी दिसतो, तो मुख्यतः तिथे तो कमी शोधला जातो म्हणून.

ज्यांनी हे नाव ऐकलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सिस्टिमिक ल्युपस एरिदमॅटोसस, म्हणजेच एसएलई, या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर, विशेषतः पेशींच्या केंद्रकातील द्रव्यांवर उलटते. त्यातून सांधे दुखतात व सुजतात, बारीक ताप रेंगाळतो, केस गळतात, तोंडात फोड येतात, गालांवर आणि नाकावर पुरळ उठते, रक्तातल्या पेशी कमी होतात, आणि सर्वांत वाईट म्हणजे मूत्रपिंडे सुजून लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. हा आजार संसर्गजन्य नाही, कर्करोगही नाही. तो बरा होऊन निघून जात नाही, पण योग्य औषधांनी वर्षानुवर्षे आटोक्यात ठेवता येतो.

आता प्रमाणाकडे येऊ. भारतातल्या ल्युपसच्या प्रमाणाबद्दल जो आकडा पुन्हा पुन्हा उद्धृत केला जातो, तो डॉ. मलविया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातला आहे. हा अभ्यास दिल्लीजवळच्या ग्रामीण लोकसंख्येत झाला होता आणि त्यात लाखामागे सुमारे 3 रुग्ण असे प्रमाण निघाले. गंमत अशी की भारताचा म्हणून जो आकडा जगभर सांगितला जातो तो मुळात खेड्यांतला आहे, आणि तोही सुमारे 92 हजार लोकांमध्ये सापडलेल्या अवघ्या 3 रुग्णांवर उभा आहे. त्यात आणखी 3 रुग्ण सापडले असते तर भारताचे प्रमाण एका रात्रीत दुप्पट झाले असते. संशोधकांनी ही अनिश्चितता लपवलेली नाही, संख्याशास्त्राच्या नियमाप्रमाणे ती नोंदवलेली आहे. उद्धृत करणारे मात्र ती सोडून फक्त आकडा उचलतात.

आपल्याला जवळचे उदाहरण म्हणजे पुणे जिल्ह्यातील भिगवण. तिथे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने 1996 पासून सांध्यांच्या आजारांची घरोघर पाहणी झाली आणि खेड्यातली माणसे किती मोठ्या प्रमाणात सांधे-पाठ दुखत असताना कामे ओढतात, हे त्यातून प्रथमच नीट नोंदले गेले. गुडघेदुखी, पाठदुखी मोजण्यासाठी ही पद्धत उत्तम आहे. परंतु भिगवणची लोकसंख्या सुमारे 6 हजार. लाखामागे 3 हे प्रमाण खरे धरले तर तिथे एकही रुग्ण सापडण्याची अपेक्षा नाही, आणि प्रमाण त्याच्या दसपट असले तरी जेमतेम दोघे सापडावेत. एवढ्या विरळ आजारासाठी एका गावाची पाहणी पुरत नाही. त्यासाठी अनेक वर्षे, अनेक रुग्णालयांतून नोंदवही ठेवावी लागते.

अशा नोंदवह्या जिथे ठेवल्या गेल्या तिथले आकडे पाहण्यासारखे आहेत. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार ल्युपसचे प्रमाण लाखामागे सुमारे 44 आहे आणि केवळ स्त्रियांपुरते पाहिले तर सुमारे 79. अमेरिकेत मूळनिवासी लोकांसाठी जी वेगळी आरोग्यसेवा आहे, तिच्या नोंदी तपासून 2014 मध्ये जो आकडा आला तो लाखामागे 178 होता. ही माणसे काही न्यूयॉर्कच्या मध्यवस्तीत राहणारी नव्हेत; त्यांतली पुष्कळशी दूरच्या, विरळ वस्तीच्या प्रदेशांत राहतात. त्यांच्यातले प्रमाण जास्त असण्यामागे आनुवंशिक कारणे आहेतच, पण शहरापासून दूर राहिले म्हणून ल्युपस होत नाही, हे म्हणणे तिथे तरी टिकत नाही.

गोव्याच्या ग्रामीण भागाची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या थोडी वर होती. दिल्लीजवळचा आकडा लावला तर पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या सगळ्या खेड्यांत मिळून 17 रुग्ण व्हायला हवेत, आणि जागतिक सरासरी लावली तर 240. यांपैकी कोणताही आकडा गोव्याचा नाही, हे मला माहीत आहे. पण 17 आणि 240 यांच्यातले अंतर इतके मोठे आहे की "आपल्याकडे हा आजार नाही" असे छातीठोकपणे सांगणाऱ्याने निदान क्षणभर थांबावे. माझ्या दुकानावर येणाऱ्या चिठ्ठ्यांवरून पाहिले तर 17 ही संख्या मला फार अपुरी वाटते.

इथे आणखी एक बाब सहसा नजरेआड होते. एखाद्या वेळी समाजात किती रुग्ण आहेत, हे किती जणांना नव्याने आजार होतो एवढ्यावरच ठरत नाही, तर आजार झाल्यावर ते किती वर्षे जगतात, यावरही ठरते. ज्या भागात निदान उशिरा होते, मूत्रपिंडे निकामी होतात किंवा उपचार सुरू असताना क्षयासारख्या संसर्गाने माणूस दगावतो, त्या भागात रुग्णसंख्या आपोआप कमी दिसते. म्हणजे उपचार जितके तोकडे, तितका आजार दुर्मिळ. आकडा खाली आला म्हणून समाधान मानण्याआधी तो कशामुळे खाली आला हे विचारायला हवे.

निदान का होत नाही, हे सांगण्यासाठी मला दुकानाबाहेर जावे लागत नाही. "तोंडार काळे दाग आयल्यात, बरेंशें मलम दी," असे म्हणत बायका येतात. पाठ्यपुस्तकात ल्युपसचे पुरळ लालबुंद फुलपाखरासारखे रंगवलेले असते, पण ती चित्रे गोऱ्या कातडीची. आपल्या सावळ्या कातडीवर तेच पुरळ जांभळट, तपकिरी किंवा नुसते काळपट दिसते आणि घरातले सगळे त्याला वांग म्हणून मोकळे होतात. मग शेजारणीने सुचवलेले, स्टेरॉइड मिसळलेले गोरेपणाचे मलम लावले जाते. अशी मलमे 2018 पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई आहे, तरीही ती मिळतात, हे माझ्या व्यवसायाला शोभणारे नाही. स्टेरॉइडमुळे डाग काही दिवस फिका पडतो, आणि ज्या एका खुणेवरून एखाद्या डॉक्टरला शंका आली असती तीच खूण पुसली जाते. मी चिठ्ठी मागितली की गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाते. वांग आणि हे पुरळ यांत ढोबळ फरक सांगायचा तर वांग सपाट असतो, त्याला खाज किंवा आग नसते. ल्युपसचे पुरळ उन्हात गेल्यावर चुरचुरते, थोडे उठून येते आणि नाकाच्या दोन्ही बाजूंनी ओठाकडे उतरणाऱ्या घड्या सहसा सोडून देते. अर्थात शेवटचा निर्णय त्वचारोगतज्ज्ञाचाच.

तापाची कथा वेगळी नाही. आमच्याकडे पावसाळ्यात ताप म्हटला की डेंग्यू, मलेरिया, लेप्टो, आणि काजूच्या हंगामात ताप म्हटला की माकडताप, ही यादी आधी डोळ्यांपुढे येते, आणि ती तशी यायलाही हवी, कारण हे आजार इथे खरोखरच आहेत. अडचण अशी की रक्तातल्या प्लेटलेट कमी होणे, अंग मोडून येणे, सांधे धरणे हे सगळे ल्युपसमध्येही होते. चिकुनगुनियानंतर महिनोन्‌महिने सांधे दुखणाऱ्या माणसांच्या गर्दीत ल्युपसची एखादी तरुण मुलगी सहज हरवून जाते. डेंग्यूचा ताप आठवडाभरात उतरतो. ज्या तापाच्या चिठ्ठ्या तिसऱ्या महिन्यातही येत राहतात, त्याचे कारण दुसरीकडे शोधावे, एवढे तरी कोणालाही कळण्यासारखे आहे.

आणि मग प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी. सांधे धरले की कुठूनतरी मिळालेल्या पुडीने किंवा जुन्या चिठ्ठीवरच्या गोळीने एका दिवसात आराम पडतो, बाई पुन्हा कामाला लागते, गोळी संपली की पुन्हा दुखते. मधल्या काळात देवाला प्रसाद लावून झालेला असतो, घाड्याकडे, म्हणजे गावच्या भगताकडे, जाऊन झालेले असते. त्याबद्दल मी कोणाला नावे ठेवत नाही, कारण त्याच काळात दोन-तीन दवाखान्यांतही जाऊन झालेले असते आणि तिथेही कोणी नाव सांगितलेले नसते. एकाने सांध्यांना औषध दिले, दुसऱ्याने केसांना, तिसऱ्याने रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या. सगळ्या तक्रारी एका कागदावर कोणीच लिहिल्या नाहीत.

आता जोखमीच्या कारणांकडे वळते. यात सर्वांत मोठे कारण खेडे किंवा शहर यांच्याशी संबंधित नाही: स्त्री असणे. प्रजननक्षम वयात दर 10 रुग्णांपैकी 9 स्त्रिया असतात. इस्ट्रोजेनचा त्यात वाटा आहे, पण तेवढेच नाही; प्रतिकारशक्तीशी संबंधित काही जनुके एक्स गुणसूत्रावर असतात आणि स्त्रियांत ती गुणसूत्रे दोन असतात. ज्या पुरुषांत जन्मतः एक एक्स जास्त असते त्यांनाही ल्युपसचा धोका इतर पुरुषांपेक्षा सुमारे 14 पट असतो, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. पुरुषांना हा आजार कमी होतो, पण झाला तर अनेकदा मूत्रपिंडांवर जोरात जातो, म्हणून "बायकांचा आजार" म्हणून तो बाजूला टाकता येत नाही.

घराण्यात कोणाला ल्युपस, संधिवात, थायरॉइडचा स्वप्रतिकारी आजार असेल तर धोका वाढतो, पण आनुवंशिकता म्हणजे विधिलिखित नव्हे. एकसारख्या जुळ्या बहिणींपैकी एकीला ल्युपस असला तरी बहुतेक वेळा दुसरीला होत नाही. लग्नाच्या मुलीचा आजार लपवणाऱ्या घरांना हे वाक्य मी मुद्दाम सांगते.

ऊन हे मुळात आजार निर्माण करते असे म्हणण्यापेक्षा असलेला आजार भडकवते, असे म्हणणे अधिक बरोबर आहे. अतिनील किरणांनी कातडीतल्या पेशी मरतात, त्यांच्या केंद्रकातील द्रव्ये बाहेर पडतात आणि ज्या प्रतिपिंडांना नेमके तेच लक्ष्य हवे असते त्यांना ते आयते मिळते. म्हणून रुग्णाने उन्हाला टाळावे, असे प्रत्येक माहितीपत्रकात लिहिलेले असते. मार्च ते मे या महिन्यांत काजूच्या बागायतीत बोंडू वेचणाऱ्या बाईने उन्हाला कसे टाळावे, हे मात्र कोणी लिहीत नाही. पहाटेपासून दहापर्यंत आणि चारनंतर काम, पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट, रुंद काठाची टोपी किंवा डोक्यावरून चेहऱ्यापर्यंत ओढलेला पंचा, एवढे करता येते आणि त्याचा उपयोगही होतो. पातळ ढगांतूनही हे किरण बरेचसे खाली येतात, त्यामुळे मिरग लागला म्हणजे काळजी संपली असे समजू नये.

खेड्याशी खरोखर जोडता येतील अशी दोन कारणे म्हणजे धूळ आणि कीटकनाशके. अमेरिकेच्या आग्नेय भागात, नॉर्थ आणि साउथ कॅरोलिना राज्यांत, ल्युपसचे रुग्ण आणि निरोगी माणसे यांच्या कामाधंद्याची तुलना करणारा एक मोठा अभ्यास झाला. 2002 मधील त्याच्या निष्कर्षानुसार शेतीतून किंवा इतर व्यवसायांतून सिलिकाच्या, म्हणजे दगड-वाळूत असणाऱ्या खनिजाच्या, धुळीशी मध्यम वा अधिक संबंध आलेल्यांचे प्रमाण रुग्णांत 19 टक्के होते, निरोगी गटात 8 टक्के. सिलिकाचे अतिसूक्ष्म, स्फटिकरूप कण फुप्फुसात जाऊन बसतात आणि प्रतिकारशक्तीला सतत डिवचत राहतात, असे त्यामागचे कारण मानले जाते. आमच्याकडे खाणपट्ट्यात राहणाऱ्यांना हे वाचून लगेच ट्रकांचा लाल धुरळा आठवेल. गोव्यातल्या लोहखनिजासोबत क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकरूप सिलिका, असलेला खडक येतो हे खरे आहे, पण सगळ्याच दुखण्यांचे खापर रस्त्यावरच्या लाल मातीवर फोडणे मला पटत नाही. अंगणात साचणारी धूळ आणि दिवसभर खडी फोडण्याच्या यंत्रापाशी उभे राहून किंवा ग्रॅनाइट, फरशी कोरडीच कापताना नाकातोंडात जाणारी धूळ यांत फार फरक आहे. धोका मुख्यतः दुसऱ्या प्रकारात आहे, आणि तिथे पाणी मारून कापणे व योग्य मास्क लावणे हा उपाय ल्युपसच्या कितीतरी आधी सिलिकोसिस या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजारासाठीच करायला हवा होता.

कीटकनाशकांबाबत पुरावा थोडा सैल आहे, पण दुर्लक्ष करण्याजोगा नाही. अमेरिकेतच सुमारे 77 हजार वयस्क स्त्रियांच्या पाहणीत, ज्या स्वतः वारंवार किंवा अनेक वर्षे कीटकनाशक वापरत होत्या त्यांच्यात संधिवात व ल्युपस या दोहोंचा मिळून धोका जवळजवळ दुप्पट दिसला. त्यावरून अमुक फवाऱ्याने अमुक बाईला ल्युपस झाला असे कोणी सिद्ध करू शकत नाही. तरीही बादलीत हात घालून औषध ढवळण्याची आपल्याकडची रीत सोडायला यापेक्षा अधिक कारणे लागू नयेत.

बाकीची कारणे झटकन सांगते. तंबाखू ओढणाऱ्यांत धोका काही अंशी वाढतो, शिवाय हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या ल्युपसवरच्या मुख्य औषधाचा कातडीवरचा परिणाम त्यांच्यात कमी पडतो. एपस्टाइन-बार विषाणूचा संबंध पक्का होत चालला आहे, पण हा विषाणू जवळजवळ प्रत्येकाच्या अंगात असतो, त्यामुळे व्यवहारात त्यावरून कोणाचा धोका ओळखता येत नाही. हायड्रॅलाझिन, प्रोकेनामाइड आणि क्षयासाठीचे आयसोनियाझिड अशा काही औषधांनी ल्युपससारखी लक्षणे उमटू शकतात. औषध थांबवल्यावर ती ओसरतात. यावरून क्षयाच्या गोळ्या मनानेच बंद करू नयेत, हे मी दुकानात रोज सांगते तसे इथेही सांगते.

उलट बाजूची एक काळजीही नोंदवायला हवी. अलीकडे पॅकेजमधल्या तपासण्यांत एएनए ही, पेशींच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडे शोधणारी रक्तचाचणी येते आणि "पॉझिटिव्ह" असा शब्द वाचून माणसे हातापायातले बळ गेल्यासारखी येतात. रक्त 40 पट पातळ करून केलेल्या चाचणीत निरोगी माणसांपैकी सुमारे 30 टक्क्यांत आणि 80 पट पातळ करून केलेल्या चाचणीत सुमारे 13 टक्क्यांत ती पॉझिटिव्ह येते. एएनए पॉझिटिव्ह म्हणजे ल्युपस नव्हे. मात्र ती निगेटिव्ह असेल तर ल्युपसची शक्यता फार कमी होते. लक्षणे नसताना ही चाचणी करून घेणे म्हणजे विकतची चिंता.

उपचाराचा कणा म्हणजे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. 2020 च्या मार्चमध्ये कोविडवरचे औषध म्हणून तिचा गाजावाजा झाला, सरकारने 25 मार्चला निर्यात रोखली आणि दुसऱ्याच दिवशी विक्रीवर कडक नियम लावले, तोवर आमच्या भागातला साठा धडधाकट माणसांनी घरोघर नेऊन ठेवला होता. त्या वेळी एक बाई नेहमीप्रमाणे महिन्याच्या गोळ्यांसाठी आली आणि माझ्या फळीवर एक पट्टीही नव्हती. तिच्या शेजारच्या घरात, जिथे कोणालाच ल्युपस नव्हता, ती गोळी होती. मी फोन करून मागितली आणि त्यांनी ती दिली. या गोळीने आजाराचे भडके कमी होतात, मूत्रपिंडे जपली जातात, आणि गरोदरपणातही ती चालू ठेवायची असते. घरातली मोठी माणसे दिवस गेले म्हणून नेमकी हीच गोळी बंद करायला लावतात. बंद करायची असतात ती मायकोफेनोलेट किंवा सायक्लोफॉस्फमाइडसारखी औषधे, आणि तीही डॉक्टरांच्या सल्ल्याने, गर्भधारणेच्या आधीच. वजनाच्या मानाने मात्रा बेताची ठेवून ठरावीक काळाने डोळे तपासले तर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन वर्षानुवर्षे घेता येते.

वाळपईहून बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, जायचे म्हणजे 50 किलोमीटरच्या आतबाहेर प्रवास, मधे कदंबची बस बदलणे, आणि रोजंदारीवर असलेल्या बाईचा एक दिवस बुडणे. म्हणून वेळ चुकते, मग दोन वेळा चुकतात, आणि बरे वाटतेय म्हणून गोळ्याही सुटतात. ल्युपसची मूत्रपिंडे दुखत नाहीत. लघवीला फेस येणे, सकाळी डोळ्यांखाली व संध्याकाळी घोट्यांवर सूज, रक्तदाब वाढणे, एवढ्याच खुणा असतात आणि गरोदर बाईत त्या गरोदरपणाच्याच समजल्या जातात. दर महिन्याला बांबोळी जमत नसेल तर निदान रक्तदाब आणि पट्टीवरची लघवीची तपासणी करून तारखेसह वहीत लिहून ठेवावी आणि पुढच्या भेटीला ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी. पट्टी लघवीत बुडवली की मिनिटभरात प्रथिनांचा रंग दिसतो, आणि त्यासाठी बस बदलावी लागत नाही. तेवढे जवळच्या आरोग्य केंद्रातही होते.